रेणुकाच्या देवकापसासाठी

बेळगावला चालले आहे म्हटलं की पुण्यातली माणसं आधी तिथला दुधाचा कुंदा आणायला सांगतात. मलाही चारपाच जणांनी सांगितलं. कशाला चालले आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि तेच बरं झालं. सांगायला बसले असते तर रडू आलं असतं, आणि आमच्या प्रयोगशाळेत माझी ख्याती ओरडणारी बाई अशी आहे, रडणारी अशी नाही. आता जाऊन आले आहे, घरात एकटीच आहे, तेव्हा जे झालं ते सांगते. तुम्ही त्या बाजूला कधी गेला नसाल तर थोडा मुलूखही बघून होईल.

मी मूळची वऱ्हाडातली. कापूस बघतच मोठी झाले आणि पुढे कापसाच्याच नोकरीला लागले. कापसाचा धागा लांब का होतो, आखूड का राहतो, झाडाच्या कोणत्या जनुकामुळे तसं होतं, हे शोधणं माझं काम. रेणुका माझी विद्यार्थिनी, बेळगावच्या वडगाव भागातल्या विणकराची मुलगी. पीएचडीला आली तेव्हा आजोळच्या दारातल्या देवकापसाच्या सरक्या रुमालात बांधून घेऊन आली होती. देवकापूस म्हणजे देवाच्या वातींसाठी घराजवळ लावतात ते झाड. शेतातल्या कापसासारखं ते दर वर्षी उपटत नाहीत, वर्षानुवर्षं ठेवतात. त्याचा धागा सहसा आखूड आणि भरड. हिच्या झाडाचा चांगला लांब होता. मी म्हटलं, कुठेतरी दुसऱ्या जातीची मिसळ झाली असेल. ती म्हणाली, "न्हाय मॅडम, ह्यो कापूस लई शहाणा हाय. बगाच तुमी." मिसळ नव्हती. पुढची काही वर्षं आम्ही दोघी त्या कापसाचं शहाणपण कशात आहे ते शोधत होतो, आणि तिच्या नादाने अख्खी प्रयोगशाळा 'लई' आणि 'न्हाय' म्हणायला लागली होती.

गेल्याच्या आदल्या दिवाळीला ती घरी गेली. डेंग्यू झाला आणि त्यातच गेली. मला कळेपर्यंत सगळं आटपलं होतं. तिचे आईवडील नंतर सामान न्यायला पुण्याला आले, तेवढीच आमची भेट.

तिचं काम मी पुढे नेणार होते. पण गेल्या उन्हाळ्यात आमची इमारत बदलली, त्या गडबडीत बियांचं शीतकपाट बंद पडलं, आणि ते ध्यानात येईपर्यंत तिच्या सगळ्या सरक्यांना बुरशी लागली होती. एकही उगवली नाही. तिने वाढवलेली झाडं त्याआधीच काढून टाकलेली होती; त्यांच्या पानांचा अर्क बारीक नळ्यांमध्ये गोठवलेला आहे, पण अर्काला बोंड लागत नाही. धागा वाढताना बघायचा तर झाड पाहिजे, आणि ते झाड आता एकाच ठिकाणी होतं, निपाणीच्या अलीकडच्या एका गावात, रेणुकाच्या मामाच्या दारात. तिथून मूठभर सरक्या मिळाल्या की तिचं काम तिच्या नावाने पुरं होणार होतं.

वडगाव

बेळगावात सकाळी उतरले तेव्हा माघातली गार हवा होती. स्टँडवरच्या पाट्या कानडीत, त्यामुळे मी उगाच परक्यासारखी रिक्षावाल्याशी हिंदीत बोलायला लागले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मराठी बोला की वो. मी हितल्याच अनगोळचा हाय." मग वडगाव येईपर्यंत त्याने मला पुण्यातल्या रिक्षांबद्दल प्रश्न विचारले, आणि उत्तरं ऐकून त्याला फार समाधान वाटल्यासारखं दिसलं.

वडगावच्या गल्लीत शिरलं की घराघरातून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. इथली माणसं ओठ मोठे हलवून बोलतात, आणि ऐकणारी तोंडाकडे बघत ऐकतात. मी नेहमीच्या सवयीने वरच्या पट्टीत बोलत होते, त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. एवढं सोयीचं गाव मला दुसरं भेटलेलं नाही.

रेणुकाचे वडील परशराम अण्णा मागावर होते. मला बघून त्यांनी हाताने 'बसा' अशी खूण केली, पण माग थांबवला नाही. एवढ्या लांबून आलेल्या माणसासाठी दोन मिनिटं थांबू नये, याचा मला जरा रागच आला. तो माझ्या तोंडावर दिसला असावा. रेणुकाची आई, गंगाक्का, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "राग मानू नका मॅडम. मधीच माग थांबला की लुगड्यावर आडवी रेघ पडती. म्हणून ह्ये थांबवत न्हाईत. पोरगी गेली त्या दिवशी थांबवलेला, तेवढाच."

"त्या लुगड्याचं काय केलंत मग?" मी विचारलं.

"इकलं की. कोण तरी नेसलं आसंल. तशी रेघ पटकन दिसत न्हाय."

मी पाणी प्यायले. समोर मागावर जांभळी साडी चढत होती, आणि तिच्यात कापसाचा एक तंतूही नव्हता. सगळं चकचकीत कृत्रिम सूत. रेणुका म्हणायची, आमच्या घरात चोवीस तास सूत हाय, पर कापूस बघायचा तर आज्जीच्या दारात जायला लागतंय. दोन माग आणि माणसं, एवढ्यात ते घर भरून गेलेलं. तुळसही पत्र्याच्या डब्यात, खिडकीत.

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि वर घट्ट दही. आमच्या वऱ्हाडात पाहुण्याचा मान भाजीवरच्या तेलाच्या तवंगात मोजतात, इथे तो दह्याच्या दाटपणात मोजत असावेत. जेवण होत आलं तेव्हा अण्णा माग दुसऱ्या माणसाच्या हाती देऊन बाहेर गेले आणि कुंद्याचा डबा घेऊन आले. तो माझ्यापुढे ठेवला आणि काही न बोलता पुन्हा मागावर गेले.

"ती पुण्याला येताना न्यायची तुमच्यासाठी," गंगाक्का म्हणाल्या. "मिळायचा न्हवं तुमास्नी?"

मिळायचा. दर वेळी मिळायचा, आणि मी डबा उघडून सगळ्यांना वाटायच्या आत तो अर्धा झालेला असायचा. मी एक घास तोंडात घातला आणि तो खाली उतरेना. गंगाक्कांनी डबा बंद करून बाजूला ठेवला. परतताना मी कुंदा आणला नाही, त्याचं कारण एवढंच.

शीतकपाटाचं मी त्यांना त्याच दुपारी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि कुणी रुमाल हरवला म्हणून सांगावं तसं सहज म्हणाल्या, "जाऊ दे की मॅडम. झाड हाय न्हवं वैनीच्या दारात. उद्या जाऊया. पायजे तेवढ्या सरक्या घ्या." त्या रात्री मला कितीतरी महिन्यांनी शांत झोप लागली.

संकेश्वरच्या वाटेवर

सकाळी स्टँडवर मी भलत्याच बसमध्ये चढून खिडकीची जागा धरून बसले. गंगाक्कांनी खालून हाका मारून मला उतरवलं नसतं तर गोकाकला पोचले असते. निपाणीच्या बसमध्ये कंडक्टरने त्यांना ओळखपत्र बघून फुकटचं तिकीट दिलं, कारण कर्नाटकातल्या बायकांना तिथली सरकारी बस मोफत आहे, आणि माझ्याकडून पूर्ण पैसे घेतले. "आमच्याकडे बायकांना अर्धं तिकीट असतं," मी म्हटलं. "मग तिकडं गेल्यावर अर्धं काढा," तो म्हणाला. गंगाक्का हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं आणि रेणुकाचं हसू कुठून आलं ते कळलं.

बेळगाव मागे पडलं की बराच वेळ डोंगरउतार आणि मोकळी रानं लागतात, मग हळूहळू ऊस दाटत जातो. साखर कारखान्याकडे चाललेल्या ट्रॅक्टरांच्या मागे बस रेंगाळायला लागली. गंगाक्कांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू? ती तिथं नेमकं काय करत हुती? कुणी इचारलं तर आमी सांगत हुतो, कापसाचं शिकती. पर कापसाचं शिकायचं म्हंजे काय आसतंय?"

हे मी फळ्यावर खडूने कितीदा शिकवलं आहे. त्या दिवशी बसच्या आवाजात शब्द शोधावे लागले.

"सरकीवर जे केस असतात ना, गंगाक्का, त्यातला एकेक केस म्हणजे एकच पेशी असते. सरकीची साल असते, तिच्यातल्या काही पेशी उठतात आणि लांब व्हायला लागतात. बाकीच्या सालीतच राहतात. कुणी उठायचं आणि कुणी नाही, ते जनुकं ठरवतात."

"जनुकं म्हंजे आईबापाकडनं येतंय ते."

"तेच. फूल उमललं की ती पेशी वाढू लागते. शेजारच्या पेशींकडे जायला तिला बारीक बारीक दारं असतात. त्यातून साखरेचं पाणी ये-जा करतं. मग ती दारं बंद होतात. पाणी आत कोंडतं, दाब वाढतो, आणि पेशी ताणत ताणत लांब होत जाते. दारं उघडली की दाब उतरतो आणि लांबी थांबते. तुमच्या झाडात ती दारं बाकीच्या देवकापसापेक्षा जास्त दिवस बंद राहतात, म्हणून तुमचा धागा लांब. ती बंद कोणत्या जनुकामुळे राहतात, ते रेणुका शोधत होती. एक जनुक तिने हेरलंही होतं. खात्री करायला आणखी दोन पिढ्यांची झाडं वाढवून बघायची होती."

"आन लांब झाल्यावर मग?"

"मग आतून भिंत जाड होते, थरावर थर बसतात. आणि शेवटी ती पेशी मरते, वाळते, आणि बोंड फुटतं."

"मरती?"

"हो. आपण वेचतो तो कापूस मेलेलाच असतो."

त्यांनी स्वतःच्या पदराकडे बघितलं. "मग माणूस जलमभर मेलेलंच नेसतंय की," त्या म्हणाल्या. नवीन काही कळल्यावर माणूस बोलतो त्या सुरात म्हणाल्या, दुःखाने नाही.

बाहेर उसाच्या तोडलेल्या फडात पाचट पसरलेलं होतं.

"ह्ये ती मला सांगत हुती बगा," गंगाक्का म्हणाल्या. "फोनवर. दारं उघडत्यात, दारं झाकत्यात, काय काय सांगायची. मी म्हणायची, ते ऱ्हाऊ दे गं, आधी जेवलीस काय ते सांग. कवा पुरतं ऐकूनच घेतलं न्हाय."

आणि मग त्या रडायला लागल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, संकेश्वर येईपर्यंत. मी त्यांची पिशवी मांडीवर धरून बसले होते. मलाही रडायचं होतं, पण त्यांच्या रडण्यात माझं मिसळू नये असं वाटलं.

संकेश्वरला बस थांबली. हवेत मळीचा गोडसर आंबूस वास होता, आणि रस्त्याकडेला लाल मिरच्यांची पोती उघडी मांडलेली. गंगाक्का तोंड धुऊन आल्या आणि दोघींसाठी गिरमिट घेऊन आल्या, चुरमुऱ्यांचा ओलसर मसालेदार प्रकार असतो तो, वर मिरचीचं भजं. भजं इतकं तिखट होतं की आता माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "वऱ्हाडातल्या न्हवं तुमी?" असं म्हणून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

निपाणीच्या अलीकडे

हमरस्त्यावर उतरून आम्ही आत चालत गेलो. हा तंबाखूचा मुलूख. वाळत घातलेल्या तंबाखूचा उग्र वास हवेत भरलेला असतो, इथल्या माणसांना तो येतही नाही. मी मात्र पावलागणिक शिंकत होते. वाटेत भेटणारी प्रत्येक बाई गंगाक्कांना थांबवून मी कोण ते विचारायची, आणि गंगाक्का माझी ओळख 'रेणूच्या मॅडम' अशी करून द्यायच्या. मग ती बाई माझ्याकडे जराशी थांबून बघायची.

मामाचं घर रस्त्यालगतच, नव्या स्लॅबचं. मामा उसाच्या तोडीवर गेले होते. मामी, सुमनवैनी, दारातच होत्या. त्यांनी गूळपाणी आणलं, पण गंगाक्का बसल्या नाहीत. "आधी झाड दावते मॅडमना," म्हणून मला हात धरून परसात घेऊन गेल्या.

तुळशीवृंदावन होतं. त्याच्या बाजूला झेंडूची रोपं होती. गंगाक्का त्या झेंडूकडे बघत उभ्या राहिल्या.

"वैनी," त्या म्हणाल्या, "झाड कुठाय गं?"

सुमनवैनी मागोमाग आल्या होत्या. हातात पाण्याचे पेले तसेच होते. "काढलं वन्सं," त्या म्हणाल्या. "तुमास्नी ठावं आसंल आसं वाटलं. रेणू गेली तवा तुमीच फोन केलासा न्हवं, आज्जीच्या झाडाचा कापूस घेऊन ये म्हणून. घेऊन आले. पर सुतकात हात लागला न्हवं झाडाला. ज्या झाडाचा कापूस मढ्याला लावला, त्येच्याच वाती देवाम्होरं कशा लावायच्या? तेरावं झाल्यावर मुळासकट काढून वेदगंगेत सोडलं. आत्तीनीच सांगितलेलं मला, लगीन हुन आल्या आल्या. सुतकातला हात देवकापसाला लागला तर झाड ठेवायचं न्हाय म्हणून."

आत्ती म्हणजे त्यांच्या सासूबाई, गंगाक्कांच्या आई, ज्यांनी ते झाड लावलं होतं. त्या जाऊनही आता काही वर्षं झाली.

मृताच्या नाकाकानात कापसाचे बोळे आमच्या वऱ्हाडातही घालतात. पण आमच्याकडे शेतं पांढरीशुभ्र असतात, कापूस कुठल्या झाडाचा ते कोण बघतं? इथे घरात एकच झाड आणि त्याच्यावर देवाचा हक्क. मुलीसाठी म्हणून गंगाक्कांनी तो हक्क त्या दिवशी मोडला होता, आणि वैनींनी घरच्या रीतीने त्याचा शेवट केला होता. मला वाटलं, आता गंगाक्का ओरडतील. त्या नुसत्या म्हणाल्या, "व्हय. आईनं मलाबी तेच सांगितलेलं. मी हितं आसते तर मीबी तेच केलं आसतं."

माझं डोकं अजून चालत होतं. मी विचारलं, "तो कापूस आणला तेव्हा त्यात सरक्या असतील ना? त्या कुठे गेल्या?"

गंगाक्का माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा बघितला आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"मीच काढल्या मॅडम. सरकीसकट कापूस लावत न्हाईत. तिच्या उशाला बसून, वाती करताना काढतो तशा, नखानं एक एक काढल्या. आन तिच्या ओढणीच्या टोकाला बांधल्या. तिच्या जिवाच्या हुत्या, तिचं तिच्यासंगं जाऊ दे म्हटलं." त्यांचा आवाज बारीक होत गेला. "तुमच्याकडं कपाट भरून हाय म्हणून सांगायची ती. न्हायतर ठेवल्या आसत्या की वो मी. मूठभर तरी ठेवल्या आसत्या."

मी त्यांना सांगितलं की तुम्ही बरोबर केलंत. ते खरंच होतं. त्या दिवशी आमचं कपाट भरलेलं होतं, दारात झाड उभं होतं, आणि आईला मुलीच्या ओढणीत काय बांधायचं ते बांधायचा पूर्ण अधिकार होता. कुणाचं काही चुकलं नव्हतं. माझ्यासारख्या बाईची यात फार पंचाईत होते. ओरडायला कुणीतरी लागतं, आणि तिथे कुणी नव्हतं.

मग आम्ही तिघींनी शोध सुरू केला. कोपऱ्यावरच्या घरात देवकापूस आहे असं वैनी म्हणाल्या, म्हणून तिथे धावलो. पान तसंच, हाताच्या बोटांसारखं फाकलेलं, फूलही तसंच लाल. एक बोंड मागून घेतलं, सरकीवरचे केस बोटांनी विंचरून सरळ केले. आखूड. नेहमीचा, भरड, आखूड देवकापूस. गंगाक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी मान हलवली. त्या घरातल्या बाईला काय झालं ते कळलं नाही, तिने आम्हाला हळदीकुंकू लावून पाठवलं.

परत आल्यावर वैनींना देवघरातल्या वरच्या कोनाड्यातला पत्र्याचा डबा आठवला. आत्तींच्या वेळेचा वातींचा कापूस त्यात पडून होता, पिवळा पडलेला, गोळा झालेला. आम्ही तो जमिनीवर पसरून उकलला. गंगाक्कांची नखं त्यात अशी चालत होती की मला बघवेना, मी खिडकीबाहेर बघितलं. आत थोड्या सरक्या निघाल्या. काळपट, हलक्या, काही किडीने पोखरलेल्या. तांब्यातल्या पाण्यात टाकल्या. बऱ्याचशा वर तरंगल्या, दोनतीन सावकाश तळाला गेल्या.

"बुडल्या त्या जित्या न्हवं?" गंगाक्कांनी विचारलं.

"बघूया," मी म्हटलं. त्या सरक्यांना जुन्या तेलाचा खवट वास येत होता. तसा वास आला की माझ्या प्रयोगशाळेत त्या बिया पेरतसुद्धा नाहीत. पण त्या दोघी गुडघ्यांवर बसून तांब्यात वाकून बघत होत्या, आणि माझ्या तोंडून दुसरं काही निघेना.

वैनींनी भात, आमटी, पापड असं सगळं केलं होतं. कुणीच धड जेवलं नाही. निघताना त्यांनी मला गुळाची ढेप दिली, पिशवीत मावेना तरी दिली. हमरस्त्यापर्यंत त्या आमच्याबरोबर चालत आल्या. बस लांबून दिसली तेव्हा एकदम म्हणाल्या, "वन्सं, शिवी तरी द्या की मला."

"तुला कशाला देऊ गं?" गंगाक्का म्हणाल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बस थांबली, चढा म्हणून कंडक्टर ओरडायला लागला, तरी त्यांनी तो हात लवकर काढला नाही.

पुण्यात

तळाला गेलेल्या त्या सरक्या मी ओल्या कापडात गुंडाळून पुण्याला आणल्या आणि घरच्या खिडकीतल्या कुंडीत लावल्या. प्रयोगशाळेत नेल्या नाहीत. तिथे कुणी 'उगवण किती टक्के' विचारलं असतं. उबेत ठेवल्या, ओल राखली, जेवढं येतं तेवढं सगळं केलं. उगवायचा काळ उलटून गेला तेव्हा एका सकाळी बोटाने माती बाजूला केली. सरक्या दाबल्या तर आतून काळं पाणी आलं. ते झाड आता कुठेच नाही. तिने हेरलेलं जनुक खरं की खोटं, हे आता निदान माझ्या हातून तरी कळायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. मुलगी गेल्याचं रडणं होतं ते, इतक्या दिवसांनी आलेलं.

गंगाक्कांचा फोन दर सोमवारी येतो. पहिल्या सोमवारी त्यांनी विचारलं, "आलं का वो?" तेव्हा सरक्या मातीत होत्या, म्हणून मी खरंच सांगितलं, "अजून नाही." त्यानंतर त्या रेणुकाबद्दल बोलल्या. लहानपणी ती मागाखाली झोपायची, आवाज थांबला की जागी व्हायची. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच विचारलं, पुन्हा मी तेच सांगितलं, आणि मग शाळेतल्या कुठल्यातरी भांडणाची गोष्ट निघाली. सरक्या कुजल्याचं कळल्यावरही मी 'अजून नाही'च म्हणत राहिले. आलेला निकाल लपवला म्हणून मी विद्यार्थ्यांना खोलीबाहेर काढलेलं आहे. आता दर सोमवारी मी तेच करत होते, आणि ते मला सहन होईना.

काल सोमवार होता. सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच मी फोन उचलला.

"आलं का वो मॅडम?"

"गंगाक्का, जरा ऐका," मी म्हटलं. "त्या सरक्या..."

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "एवढे दिस कुठला कापूस घेत न्हाय उगवायला. लई दिस झालं मला कळून."

मी माफी मागायला लागले, तर त्यांनी मला मधेच थांबवलं.

"पर तुमी न्हाय आलं म्हणू नका. अजून न्हाय म्हणा. म्हंजे मला परत फोन कराय येतंय. ह्यांच्याम्होरं तिचं नाव काढलं की ह्ये उठून जात्यात. वैनीला फोन केला की तीच रडती. तिचं बोलाय मला दुसरं कोण हाय?"

मग त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं विचारलं, "आलं का वो मॅडम?"

"अजून नाही, गंगाक्का," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "सोमवारी करते मग."